जानीसाहेबांचे तीन बिघे

शेपूची भाजी आवडणारी माणसं जगात फार थोडी. आमच्या घरात तर मी एकटाच. माझी बायको कुसुम ती नाक मुरडतच करायची आणि माझ्या ताटात वाढून झाली की पातेलं लगेच घासायला टाकायची. इंदूरच्या मल्हारगंजातल्या आमच्या गल्लीत, समोरच्या माडीवर एक लालबुंद गोरा माणूस नवीन राहायला आला होता. एका दुपारी तो शेपूच्या दोन जुड्या नाकाशी धरून, डोळे मिटून दारात उभा दिसला, आणि हा आपल्यातलाच आहे असं मला त्याच क्षणी वाटलं.

"एक जुडी घ्यावी आपण," तो मला म्हणाला. "उकडलेला बटाटा घ्यावा, वर ही बारीक चिरून, वर दही. आमच्या मुलखात हे रोजचं जेवण."

मी मागे वळून पाहिलं. इतकं शुद्ध मराठी त्या तोंडातून आलं असेल हे काही केल्या पटेना.

त्यांचं खरं नाव यानिस आणि पुढे काहीतरी लांबलचक. गल्लीनं त्याचं दोन दिवसांत जानीसाहेब केलं आणि त्यांनीही ते आनंदानं घेतलं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी बागा आखायच्या कामावर ते इंदूरला आले होते. संस्थानच्या बागखात्यात बारा-तेरा वर्षं काढली. लालबागेतल्या काही वाफ्यांची आखणी त्यांच्या हातची. पुढे संस्थान विलीन झालं, मध्यभारत झाला, खाती इकडची तिकडे गेली, आणि जानीसाहेब राहता बंगला सोडून आमच्यासमोर एका खोलीत आले. सोबत दोन ट्रंका, एक वेताची आरामखुर्ची आणि बियांनी भरलेल्या चाळीस-पन्नास काचेच्या बाटल्या.

त्यांच्या भाषेची गंमत सांगायलाच हवी. मराठी ते बागखात्याच्या वृद्ध कारभाऱ्यांकडून शिकले होते, आणि कारभारी त्यांच्याशी कायम अदबीनंच बोलले. माळव्यातली बोली शिकले ते माळ्यांकडून. त्यामुळे सारा उलटा कारभार. गल्लीतल्या शेळीला ते "बाजूला व्हावे आपण" म्हणत, हमालाला "बसावे, पाणी घ्यावे" म्हणत, आणि मोठा सरकारी हाकीम दिसला की खांद्यावर हात टाकून विचारत, "कंई हो साब, मजा में?"

कारभाऱ्यांनी त्यांना आणखी एक गोष्ट शिकवली होती. सभ्य माणसानं आपल्या वस्तूला माझी म्हणू नये. कोणी टोपीची तारीफ केली की जानीसाहेब छातीवर हात ठेवून म्हणत, "आपलीच आहे." एकदा घरमालकानं त्यांची आरामखुर्ची पाहिली. "क्या बढिया कुर्सी है," तो म्हणाला. जानीसाहेब म्हणाले, "आपलीच आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालकानं माणूस पाठवून खुर्ची उचलून नेली. मी भांडायला निघालो तर यांनी माझा हात धरला.

"राहू द्यावे, वसंतराव. मी शब्द बोलून गेलो."

"अहो, तो बोलण्याचा रिवाज आहे. खरं थोडंच असतं ते?"

"मग कारभारी तसं सांगते ना," ते म्हणाले आणि ट्रंकेवर बसून बाटल्या पुसू लागले.

त्यांच्या कोटाच्या उजव्या खिशात नेहमी माती असायची. कुठं गेले की तिथली चिमूटभर उचलायची, बोटांनी चोळायची, वास घ्यायचा, खिशात टाकायची. कुसुमनं एकदा तो कोट धोब्याकडे द्यायला घेतला आणि अंगणभर माती सांडली. जानीसाहेबांनी ती सगळी कागदावर गोळा केली. आठ गावांची माती एकत्र झाली म्हणून ते दिवसभर हळहळत होते.

सगळ्यात जास्त चोळलेली माती होती राऊची. राऊ तेव्हा महूच्या सडकेवरचं लहानसं गाव. तिथं विहीर असलेली तीन बिघे काळी जमीन विकाऊ होती. जानीसाहेबांनी ती पाहिली आणि पुढे दोन महिने त्यांना दुसरं काही सुचलं नाही. बटाटा, कोबी, मटार, बांधावर शेपू, आणि विहिरीजवळ एक खोली. या वयात आपल्याला एवढंच हवंय, असं ते म्हणत. मागणं तसं काहीच नव्हतं. पण तो माणूस परदेशी होता, आणि त्यातही विचित्र परदेशी. त्यांचा देश लाटव्हिया. लढाईत शेजारच्या मोठ्या देशानं तो गिळून टाकला. पासपोर्टची मुदत संपली होती आणि नवा करून द्यायला तिथं कोणी उरलं नव्हतं. बहिणीला पाठवलेली पत्रं वर्षभरानं शिक्के खाऊन परत येत. परत जायला घर नाही, आणि इथं राहायचं तर कोतवालीत नाव नोंदवून, ठरल्या दिवशी हजेरी देऊन. नोंद मल्हारगंजातल्या पत्त्याची. दुसरीकडे एक रात्र काढायची तरी आधी वर्दी द्यायची.

मी तेव्हा जमिनीच्या एका दफ्तरात कारकून होतो. कागद मला कळतात असा माझा समज होता. मी त्यांना आमच्या ओळखीच्या बापूसाहेब वकिलांकडे घेऊन गेलो. बापूसाहेब तोंडात सुपारी घोळवत सगळं ऐकत आणि वाईट बातमी सांगायच्या आधी ती थुंकून टाकत. त्या दिवशी त्यांनी सुपारी लगेच थुंकली.

"मामला टेढा आहे, जानीसाहेब. परदेशी माणसाला शेतजमीन घ्यायची तर मंजुरी हवी. मंजुरी मागायची तर राहण्याचा परवाना पक्का हवा. परवाना पक्का करायचा तर चरितार्थाचं साधन दाखवायला हवं. अन तुमचं साधन काय, तर शेती."

"म्हणजे शेतीसाठी शेती पाहिजे," जानीसाहेब म्हणाले.

"आता तुम्ही बराबर समजून राहिले."

पुढचा महिना आम्ही बापूसाहेबांच्या बैठकीत काढला. पट्ट्यानं, म्हणजे भाड्यानं घ्यावी का? पट्ट्यालाही तीच मंजुरी. बटाईनं, म्हणजे पिकातल्या वाट्यावर करावी? बटाईदाराला कायद्यानं हक्क लागू होतात, म्हणजे पुन्हा मंजुरी. इथल्या बाईशी लग्न करून तिच्या नावावर घ्यावी, असंही बापूसाहेब एकदा म्हणाले. जानीसाहेबांनी त्यावर गंभीरपणे विचार केला. "बटाट्यासाठी लग्न केलं हे त्या बाईंना कळलं तर आपण काय सांगावं?" त्यांनी विचारलं. प्रत्येक वाट अशी बंद झाली की ते हात झटकून म्हणत, "चला, पुढचा कागद."

शेवटी जे व्हायचं तेच झालं. जमीन माझ्या नावावर घ्यायची आणि मंजुरी आली की त्यांच्या नावावर करून द्यायची. पैसा त्यांचा, घाम त्यांचा, नाव माझं. कागदावर आमच्यात काहीही नाही, कारण असा कागद केला असता तर तोच आम्हा दोघांना गोत्यात आणता. मी सरकारी नोकर, तेव्हा दफ्तरात कळवणं भाग होतं. मी कळवलं की राऊला जमीन घेतली आहे आणि स्वतः कसतो. पटवारी पहिल्या वर्षी पीकपाहणीला आला तेव्हा कोणाला शंका नको म्हणून त्यालाही सांगितलं, "खुदकाश्त लिही." म्हणजे मालक स्वतः कसतो. त्यानं लिहिलं. दरवर्षी तेच लिहीत गेला. आपण फार पक्कं काम करतो आहोत अशी तेव्हा माझी खात्री होती.

ती चार-पाच वर्षं जानीसाहेबांची सुखाची होती असं मी म्हणेन, पण त्या सुखाला दावं बांधलेलं होतं. रोज पहाटे ते सायकलनं राऊला जात आणि दिवेलागणीच्या आत मल्हारगंजात परत येत. विहिरीजवळ त्यांनी स्वतः विटा रचून खोली बांधली. खिडकी मुद्दाम पूर्वेला ठेवली. कॉट मात्र कधी ठेवली नाही, कारण तिथं झोपायची सोयच नव्हती. वर्दी देऊन एखादी रात्र राहता आलं असतं, पण वर्दीत कारण लिहावं लागतं आणि कारण लिहिलं की प्रश्न येतात. स्वतःच्या शेतावर तो माणूस एकदाही झोपला नाही.

बटाटे मात्र असे काढले की राऊचे लोक बघायला येऊन जात. पहिली टोपली आमच्या घरी यायची. कुसुम म्हणायची, "किती छान आहेत हो तुमचे बटाटे."

"आपलेच आहेत," छातीवर हात ठेवून ते म्हणत, आणि आम्ही हसायचो.

मग नागरिकत्वाचा नवा कायदा आला. बापूसाहेबांनी त्या दिवशी सुपारी थुंकली नाही, चघळतच राहिले. इतकी वर्षं इथं राहिलेल्या माणसाला अर्ज करता येईल, ते म्हणाले. नागरिक झालात की मंजुरीबिंजुरी काही नको, जमीन सरळ नावावर. जानीसाहेबांनी अर्ज स्वतः लिहिला. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यापाशी ते नेहमीसारखे थांबले, लेखणी झटकली आणि आपल्या देशाचं नाव ठळक अक्षरांत लिहिलं. शेवटचं लिहितोय, असं म्हणाले.

अर्जावर चौकशी येणार होती. माणूस कोण, खातो काय, हे बघायला अधिकारी शेतावर येणार. इथं बापूसाहेबांनी एक बारीक वाट काढली. जमीन आपली असं म्हणायचं नाही, कारण ते कायद्यात बसत नाही. आपण काहीच नाही असंही म्हणायचं नाही, कारण मग चरितार्थ दिसत नाही. एवढंच सांगायचं, की जमीन वसंतरावांची, कसतात तेच, आणि बटाई म्हणून नव्हे, तर माझ्या कसबाचा मोबदला म्हणून पिकात निम्मा वाटा माझा. पटवाऱ्याच्या नोंदीत नाही, पण तोंडी ठरलेलं आहे. वसंतरावांनी मान डोलवायची. माझ्या दफ्तरात थोडी विचारपूस होईल, पण निभेल.

"एकच वाक्य आहे, जानीसाहेब. पिकात निम्मा वाटा माझा. माझा म्हणायचं, बरं का."

आठ दिवस आम्ही त्यांच्याकडून ते वाक्य म्हणवून घेतलं. कुसुम पोळ्या लाटता लाटता विचारायची, "वाटा कोणाचा?" आणि ते ओट्याशी उभे राहून म्हणायचे, "माझा." प्रत्येक वेळी कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

चौकशीला नायब तहसीलदार आले. तरुण, समजूतदार माणूस, बरोबर पटवारी आणि त्याचा कागदांचा बस्ता. काढणीचे दिवस होते. बांधावर बटाट्यांचा ढीग होता आणि सगळीकडे शेपूचा वास. नायबसाहेब शेतातून फिरले, एक बटाटा उचलून हातात तोलून पाहिला, आणि मनापासून म्हणाले, "वाह बाबा. क्या फसल है आपकी."

मला वाटतं, त्यांनी दरडावून विचारलं असतं तर जानीसाहेब नीट बोलले असते. पण त्यांनी तारीफ केली. जानीसाहेबांचा हात आपोआप छातीवर गेला. मान झुकली.

"आपलीच आहे, साहेब," ते म्हणाले. "मैं तो चाकर हूं."

पटवाऱ्यानं वर पाहिलं. नायबसाहेब गोंधळले. "मतलब, आप इनके यहां नौकर हैं?"

जानीसाहेबांच्या तेव्हा लक्षात आलं.  आठ दिवस घोकलेलं वाक्य कुठं गेलं कोण जाणे. ते माझ्याकडे बघत राहिले. नायबसाहेबही माझ्याकडे वळले. त्यांच्या स्वरात काही वाईट नव्हतं, उलट ते दार उघडून देत होते.

"क्यों साहब, नौकर है या हिस्सेदार? जैसा हो, बता दीजिए. लिखना है."

पटवाऱ्याच्या बस्त्यात माझ्याच तोंडानं सांगितलेलं खुदकाश्त होतं, चार-पाच वर्षांचं. दफ्तरात माझ्याच अक्षरातलं निवेदन होतं. हिस्सेदार म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग लिहिलं का नाही? त्याच्या पुढचा प्रश्न, पैसा कोणाचा? हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं, आणि त्याला किती वेळ लागला हे मला आजही सांगता येतं, कारण तेवढ्यात मोटेच्या बैलानं एकदा मान हलवली आणि घंटा वाजली.

"नौकर है," मी म्हणालो.

विचारपूस झाली असती. कदाचित बढती अडली असती. फार तर नोकरी गेली असती. एवढंच माझं जाणार होतं. मी भित्रा आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते एका सज्जन माणसाच्या देखत कळलं.

परतताना आम्ही दोघं सायकली हातात धरून चालत आलो. अर्ध्या वाटेवर तेच बोलले.

"आपण योग्य तेच केलंत, वसंतराव. मीच आधी बोललो."

"तुम्ही रिवाज म्हणून बोललात. मी तसा नाही बोललो."

 घरी आल्यावर मी कुसुमला सांगितलं. तिनं पोळपाट बाजूला सारला.

"तुम्ही त्यांना नोकर म्हणालात?"

 त्या दिवशी तिनं शेपूची भाजी केली आणि माझ्यासमोर बसून स्वतःच्या ताटात वाढून घेऊन खाल्ली.

अर्ज परत आला. अर्जदाराला स्वतंत्र चरितार्थ नाही. परवाना मात्र वाढवून मिळाला, शेतनोकर म्हणून. त्याला एक अट होती. दर महिन्याला मालकानं दाखला द्यायचा, की सदर इसम माझ्याकडे कामावर हजर आहे. बापूसाहेब म्हणाले, यातून आता वाट नाही. खरं बोललात तर जमीन जाईल, तुमची नोकरी जाईल आणि यांचा परवानाही. गप्प बसलात तर हे जन्मभर तुमचे नोकर. "अन भिया, तुम्ही गेल्यावर तुमच्या मुलांचे," असं ते दाराशी सोडायला आल्यावर हळूच म्हणाले.

महिन्याच्या पहिल्या तारखेला जानीसाहेब कोट घालून आमच्याकडे आले. दाखल्याचा कागद पुढे केला.

"मालक, सही."

मी दचकून पाहिलं. ते थट्टा करत होते, निळे डोळे हसत होते. मीही हसलो. दुसऱ्या महिन्यात तीच थट्टा. तिसऱ्या महिन्यात त्यात थट्टा किती उरली होती मला कळलं नाही. जोडे ते पूर्वी आत काढत, आता पायरीखाली काढू लागले. बटाट्याची टोपली येणं थांबलं. त्याऐवजी सगळं पीक दारात उतरू लागलं आणि जानीसाहेब विचारू लागले, "यातले थोडे घरी नेऊ का?" मी एकदा ओरडलोच त्यांच्यावर. हे नाटक बंद करा, म्हणालो. कागदावर नोकर आहात, माझ्या घरात नाही.

ते शांतपणे म्हणाले, "कोतवालीत मला विचारतात, मालक कसा आहे. मी चांगला आहे म्हणून सांगतो. घरी एक आणि तिथं एक अशी जीभ मला ठेवता येत नाही. एकदा चुकलो ना."

त्यानंतर मी नुसती सही करत गेलो.

मग मध्यभारत मोडला आणि मध्यप्रदेश झाला. आमचं दफ्तर भोपाळला निघालं, दफ्तराबरोबर मीही. जायच्या आदल्या दिवशी मी राऊला गेलो. बापूसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे वर्षभराचे बारा दाखले बरोबर होते, महिना तेवढा मोकळा ठेवलेला. विहिरीच्या कठड्यावर बसून मी बाराही कागदांवर सह्या केल्या. सदर इसम माझ्याकडे हजर आहे. सदर इसम माझ्याकडे हजर आहे. जानीसाहेब शेजारी बसून एकेक कागद वाळवत होते. अजून व्हायचं असलेलं त्यांचं एक अख्खं वर्ष मी हजर म्हणून लिहून दिलं.

"चला, पुढचा कागद," प्रत्येक सहीनंतर ते म्हणत. बाराव्या सहीनंतर म्हणाले नाहीत. कागदांची घडी करून कोटाच्या डाव्या खिशात ठेवली. उजव्यात माती होती.

मी म्हणालो, "जानीसाहेब, मी अजूनही जाऊन खरं सांगू शकतो."

"त्यानं आपलं जाईल, माझंही जाईल. मग या विहिरीवर कोण येईल? आपण जावे. कुसुमताईंना ही द्यावी." त्यांनी शेपूची एक जुडी माझ्या सायकलला अडकवली. आपलीच आहे, असं या वेळी म्हणाले नाहीत.

सडकेपर्यंत गेल्यावर मी मागे वळलो. ते बांधाच्या आत उभे होते. एका हातात खुरपं, दुसरा निरोपाला वर केलेला. शेतात माणूस नव्हता, सडकेवर गाडी नव्हती. इतक्या वर्षांत मला एकदाही न जमलेली गोष्ट मी तिथून, घसा ताणून केली.

"जानीसाहेब," मी ओरडलो, "ही जमीन तुमची आहे."

त्यांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग मागे विहिरीच्या बाजूला. कोणी ऐकलं नाही अशी खात्री झाल्यावर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि खाली वाकून वाफ्यातलं तण काढू लागले.